चरीत लागलेलं पाणी

३ मार्च, सोमवार

एकोणीस सांधे! एका दिवसात! हात इतके भरून आलेत की पेन धरवत नाही, पण लिहायचंच.

काम मोठं आहे. डेअरीवर शेणापासून गॅस करायचा, तो स्वच्छ करायचा आणि रस्त्याच्या कडेने चर खणून आठ किलोमीटर पाइप टाकून शहराच्या गॅसलाइनला जोडायचा. पाइप काळा, प्लास्टिकचा, मांडीएवढा जाड. दोन टोकं तासायची, तापलेल्या तव्यावर टेकवायची, मऊ झाली की एकमेकांवर दाबायची. सांध्याभोवती सारखी वळी उठली तर जमलं, नाहीतर कापा आणि पुन्हा पहिल्यापासून. थंड होईपर्यंत हलवायचं नाही. इथेच भल्याभल्यांचा धीर सुटतो. माझा नाही.

सकाळी इंजिनीअर साहेबांनी एक कागद हवेत नाचवला. "नवा नियम लागू झाला! डेअरीच्या गॅसची लाइन रस्त्याच्या कडेनेच जात असेल तर पर्यावरण तपासणी नाही, सुनावणी नाही. सूट!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. मागचं काम तपासणीत वर्षभर अडकलं, तेव्हा घरी कोण बसलं होतं? मीच.

५ मार्च, बुधवार

सासूबाईंना सांगितलं, कामाला सूट मिळाली. "मग उद्या घरी का?" सूट आणि सुट्टीतला फरक समजावला. त्यावर म्हणतात, "शेण गाईचं, पाइप तुझा आणि चहा शहरातल्यांचा!" हसून पुरेवाट झाली.

१० मार्च, सोमवार

टेकडीखालच्या वळणावर चरीत पाणी लागलं. गढूळ नाही — काचेसारखं, गार. साहेब म्हणाले, "पंप लावा, उपसा, पुढे चला."

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ सायकल ढकलत आले. वळणाखालच्या बावीस घरांना टाकीतून पाणी सोडतात ते. आम्ही त्यांना लगेच पाणीवाले काका करून टाकलं. त्यांनी चरीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तरीच! कालपासून टाकी वीतभर उतरलीय."

तिथे झरा आहे. रस्ता होण्याआधीपासूनचा. आमची चर त्याच्या खालून गेलीय, म्हणून टाकीत जाणारं पाणी चरीत पळतंय. पाइप टाकून वर वाळू भरली की कायमचं पळणार.

"नकाशात नाही झरा," साहेब म्हणाले.

"झऱ्याला कुठे माहितीय नकाशा!" काका.

११ मार्च, मंगळवार

मी आज सांधा मारला नाही.

तवा तापला होता, टोकं तासून झाली होती. हात पुढे जाईना. साहेबांना म्हटलं, "इथे नको. आधी कोणाला तरी दाखवू."

"कोणाला दाखवणार? सूट आहे आपल्याला."

"साहेब, सूट कागदाला आहे. पाण्याला कोण सांगणार?"

सगळे हातातलं काम टाकून बघायला लागले. साहेबांचे कान लाल झाले. त्यांचं हे पहिलंच मोठं काम, वरून रोज फोन येतात, हे मला कळतं. पण ते म्हणाले, "तुम्हाला सांधे जोडायला ठेवलंय, मतं मांडायला नाही. उद्यापासून येऊ नका."

तरी तवा बंद केला, पुसला, खोक्यात ठेवला. मगच निघाले. दुसरा सांधणारा मिळेपर्यंत काम बंद!

१२ मार्च, बुधवार

सासूबाई चहा करून समोर ठेवतात. तिसऱ्यांदा!

१४ मार्च, शुक्रवार

डेअरीवाल्या मावशी थेट घरी! चप्पलही काढली नाही. दारातूनच — "तूच का ती? चार वर्षं धावपळ करतेय मी या पाइपसाठी. शेणाचा हौद काठोकाठ भरलाय. वाऱ्याची दिशा बदलली की सगळी वस्ती मला शिव्या घालते. आणि तू पाणी बघून थांबलीस?"

मी म्हटलं, "मावशी, शिव्या मला नंतर घाला. आधी चला."

त्यांच्याच गाडीतून गेलो. काकांनी टाकीचं झाकण उघडून दाखवलं. पाणी अर्ध्याच्या खाली! आणि तिथल्या एका बाईने — कडेवर लहान मूल — मावशींना विचारलं, "तुमच्या गाईंना पुरतं ना हो पाणी?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

मग मावशी चरीच्या काठावर जाऊन बसल्या. उठताना गुडघ्यावर हात ठेवत म्हणाल्या, "वळणाच्या पलीकडचं कुरण माझंच आहे. तिकडून फिरव लाइन."

इतकं सोपं! मी तर उडायचीच बाकी होते.

१७ मार्च, सोमवार

सोपं कसलं!

पर्यावरण कार्यालयात आम्ही तिघं — मावशी, साहेब, मी. (मावशींनी बोलावलं म्हणून साहेब आले; माझ्याशी बोलत नाहीत. पण चर मातीने घट्ट बुजवून घेतली त्यांनी. कोणी न सांगता! टाकी पुन्हा चढतेय.) टेबलामागच्या मॅडम नियम वाचून म्हणाल्या, "लाइन रस्त्याच्या कडेने असेल तरच सूट. कुरणात शिरलात की सूट गेली. मग अख्ख्या लाइनची तपासणी."

"किती दिवस?"

"दिवस? वर्ष-दीड वर्ष धरा."

म्हणजे चूक करायला सूट आणि चूक टाळायला तपासणी! साहेबांनी कपाळाला हात लावला. मी मावशींकडे बघायचं टाळलं. चार वर्षं धावल्यात त्या. आता 'नको' म्हणाल्या असत्या तर मी तरी काय बोलणार होते?

मावशींनी चष्मा पुसला. "अर्जाचा कागद द्या."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सूट हातात असताना तपासणी मागायला आजवर कोणी आलं नव्हतं."

"मग तुमच्याकडे रांग नसेल," मावशी म्हणाल्या. "लवकर करा!"

२ एप्रिल, बुधवार

काम नाही. घरोघरी नळ दुरुस्त करतेय. आज वारा डेअरीकडून. दुकानात एकीने नाकाला पदर लावला आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्यामुळे अजून वर्षभर हेच!" घरी येऊन रडले. बावीस घरं वाचवली आणि दोनशे घरं नाक धरून बसलीत. बरोबर केलं ना मी?

९ एप्रिल, बुधवार

मॅडम आल्या! गमबूट घालून, दोन मदतनीस घेऊन. आठही किलोमीटर पायी. काका सायकल टाकून पुढे, तोंड एक क्षण बंद नाही. "इथे ओल असते. इथे पूर्वी विहीर होती. इथे खोदाल तर खडक." मॅडम लिहून घेत होत्या. सगळं! आयुष्यभर या माणसाला कोणी काही विचारलं नसावं.

कुरणात टिटवीची अंडी सापडली, उघड्या मातीत चार. लाइन आणखी दहा पावलं सरकली. मावशी म्हणाल्या, "आता कोंबड्यांनाही विचारा!" पण नव्या जागी खुंटी त्यांनीच रोवली.

९ मे, शुक्रवार

शाळेच्या वर्गात सुनावणी. मोठी माणसं छोट्या बाकांवर, गुडघे हनुवटीला! मॅडमनी विचारलं, "कोणाची हरकत?"

काका उभे राहिले.

"आहे. हे आधीच का नाही विचारलंत?"

वर्गभर हशा. मग मॅडमही हसल्या. दुसरी हरकत नाही. दुकानातली ती बाईही आली होती. निघताना नुसता माझा हात दाबला.

११ जून, बुधवार

मंजुरी!! दीड वर्ष नाही, तीन महिन्यांच्या आत! भांडायलाच कोणी नव्हतं, तर वेळ कशाला लागेल?

साहेबांचा निरोप आला: "मशीन तपासून ठेवा. सोमवारी सुरू." माफी नाही, काही नाही. असू दे. सासूबाई म्हणतात, "बोलावलं ना? तीच माफी समज."

२५ जुलै, शुक्रवार

शेवटचा सांधा मी मारला. वळी दोन्ही बाजूंनी अशी सारखी, की बघतच राहावं. थंड होईपर्यंत सगळे थांबले, साहेबसुद्धा.

मग दाबाची चाचणी, मग झडप उघडली. मावशींनी पाइपला कान लावला. "काही ऐकू येत नाही गं." म्हटलं, ऐकू आलं तर पळायचं असतं मावशी! शहराकडच्या टोकाला निळी ज्योत पेटली. हौद आता उतरणार. मावशी डोळे पुसत होत्या आणि शेणाच्या वासाला दोष देत होत्या.

८ सप्टेंबर, सोमवार

साहेबांचा फोन. दुसऱ्या डेअरीच्या लाइनवर आहेत ते. तिथेही सूट. "चरीत ओल दिसतेय. नकाशात काही नाही. काम थांबवलंय मी. तिथलं पाणी कोण सोडतं ते शोधतोय. ताई, तोवर तुम्ही याल का बघायला?"