उतरून दिलेली सायकल

ता. ४ मे

पेपरात तू सांगितलंस की वाटून घ्यायला आम्हाला आजीनं शिकवलं. मी असलं काहीही शिकवलेलं नाही. एका चेंडूसाठी तुम्ही दोघं एकमेकांचे कान उपटायचात आणि मी चेंडू ट्रंकेत टाकून कुलूप लावायची. यात वाटून घेणं कुठे आलं? शेजारची मास्तरीण तो पेपर घेऊन आली, माझे हात हातात घेऊन डोळे पुसत बसली, आणि तेवढ्यात माझं दूध उतू गेलं.

चि. भुंगा यास,

आजीचे आशीर्वाद. आहेत तेवढे घे, जास्त मागू नकोस.

इकडे सर्व ठीक. तुझ्या आईची कंबर धरली होती ती सुटली. तुझ्या थोरल्या भावाला मी अजून ठोंब्या म्हणते म्हणून ती माझ्यावर चिडते, पण तुला भुंगा म्हटलेलं तिला चालतं. माझ्या कवळीचं माप पुन्हा घेतलं, पुन्हा चुकलं. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं ते तुम्ही साखर घालून सांगता, म्हणून लिहिते. तिसरीपर्यंत शिकलेय, चुका काढत बसू नकोस.

तुमची सायकलची शर्यत मी टीव्हीवर पाहिली. पुढचा वारा फोडतो आणि त्याच्या चाकाला चिकटून येणाऱ्याचे पाय वाचतात, एवढं आता मलाही कळतं. तुमच्या साहेबानं एका संघात दोन कप्तान ठेवलेत ते त्यासाठीच. एकानं निसटायचं, बाकीच्यांनी त्याच्यामागे धावून दमायचं, दुसऱ्यानं त्यांच्या मागे आयतं बसून राहायचं, आणि ते दमले की मग त्यानं निसटायचं. तुम्ही दोघांनी त्या लाल कपड्यांच्या संघाला चार दिवस असं नाचवलंत की मी दोनदा जेवायची विसरले. चौथ्या दिवशी ठोंब्या दुसरा आणि तू तिसरा होतास, मध्ये सात सेकंद.

पाचव्या दिवशी तो मोठा चढ. ठोंब्याचं चाक पंक्चर झालं आणि जादा चाकं-सायकली घेऊन येणारी तुमची गाडी मागे कुठेतरी अडकलेली. टीव्हीवर तू दिसलास तो थांबलेलाच. उतरलास, सायकल त्याच्या हातात दिलीस. तो बसला, त्याचा पाय पेडलवरून घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदाही तेच. मग त्यानं सायकल तुला परत दिली आणि जा म्हणून हात केला. तू गेलास, शर्यतीत दुसरा आलास. तो गाडीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि अकरावा आला.

सगळे म्हणतात, काय भाऊ आहे. मला एवढंच सांग की त्याचा पाय का घसरला. तुमची उंची एक, बुटाचं माप एक, सायकली एकाच मापाच्या. एकाची मोडली तर दुसऱ्याची चालावी म्हणून मुद्दाम तशा घेतल्यात, हे तूच मला सांगितलं होतंस.

लोभ आहे. वाढवायचा की नाही ते उत्तर आल्यावर बघू.

आजी


ता. ११ मे

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र इथे डोंगरातल्या कॅम्पवर मिळालं. पाकिटावर तू माझं नाव न लिहिता नुसतं भुंगा लिहिलंस, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर आता सगळा संघ मला तेच म्हणतो. दादाला फार आनंद झाला आहे. त्याची खोली माझ्या शेजारी आहे, भिंतीतून त्याचं हसणं ऐकू येतं.

पायाचं विचारलंस. त्यात विशेष काही नाही. बुटाच्या तळाला एक पट्टी असते, ती पेडलमध्ये खटकन बसते आणि पाय सुटत नाही. आमच्या दोघांची पट्टी तिकोनी होती. मार्चमध्ये माझा उजवा गुडघा कुरकुरायला लागला, म्हणून मी पेडल बदलले. नव्या पेडलला गोल पट्टी लागते, तिच्यात पाय थोडा फिरतो आणि गुडघ्याला आराम पडतो. तिकोनी पट्टी त्यात बसत नाही. गडबडीत दादाला सांगायचं राहून गेलं. बस, एवढंच.

आता मोठी बातमी. पुढच्या महिन्यात तीन आठवड्यांची शर्यत आहे, वर्षातली सगळ्यांत मोठी. साहेबांनी या वेळी एकच कप्तान ठेवायचं ठरवलं होतं, आणि तो दादाच असणार हे सगळे धरून चालले होते. तो चौतिसाचा आहे, पुढच्या वर्षी त्याला कोण घेईल सांगता येत नाही. तर दादा आपणहून साहेबांकडे गेला आणि म्हणाला की भर चढावर ज्यानं मला सायकल उतरून दिली त्यालाच कप्तान करा, मी तीन आठवडे त्याच्यापुढे वारा फोडीन. मी नको म्हणालो. पण फार वेळ म्हणालो नाही, हे तुला खरं सांगतो.

नावं ३१ तारखेला जातील. आईला सांग, इतक्यात कुणाला बोलू नको. कवळी बसली की कळव.

तुझ्या रागातही आमच्यासाठी जागा असू दे.

तुझा,
भुंगा


ता. १५ मे

तुला साधी शिंक आली तरी तुझ्या आईला फोन जातो, मग ती दोन दिवस घरात सुतकी चेहऱ्यानं फिरते. मार्चपासून गुडघा दुखतोय आणि तिला पत्ता नाही, यावर मी विश्वास ठेवायचा?

चि. भुंगा यास,

आशीर्वाद, अर्धे. बाकीचे मागाहून.

एकतीस वर्षं मी बुटांच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर बसले. लोक माणसाचा चेहरा बघतात, मी आधी पाय बघते. ती खोड आता जायची नाही. मास्तरणीनं आणलेल्या पेपरात तू चढ संपवून रस्त्यावर फतकल मारून बसला आहेस आणि तुझे दोन्ही तळवे वाचणाऱ्याच्या तोंडासमोर. पट्टी गोल आहे हे मी त्याच दिवशी पाहिलं. गेल्या वर्षी तुम्ही दोघं बूट न काढता स्वयंपाकघरात शिरलात आणि फरशीवर जे ओरखडे उठवलेत ते मी अजून घासते आहे, तेव्हा तुमची तिकोनी पट्टी मला चांगली ठाऊक आहे. मला कळत नव्हतं म्हणून विचारलं, असं नाही. तू काय लिहितोस ते बघायचं होतं. बघितलं.

तुझा भाऊ बावळट आहे, लहानपणापासून. तू दिलंस ते दान समजून तो आपली शेवटची संधी तुझ्या हातात ठेवून मोकळा झाला. त्याला मी वेगळं पोस्टकार्ड टाकलंय. त्यात तुझ्या बुटांचं काही लिहिलेलं नाही, घाबरू नकोस. नुसतं विचारलंय की कप्तानपद का सोडलंस.

तुला एकच प्रश्न. सायकलवरून उतरताना, त्याचा पाय तिच्यावर ठरणार नाही, हे तुला माहीत होतं का? हो किंवा नाही लिही. गुडघा पत्रात आणू नकोस, तो बरा झाला असं मी धरून चालते.

वाट बघते,
आजी


ता. २० मे

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

हो.

गुडघा दुखत होता हे खरं आहे. सांगायचं राहून गेलं हे खोटं आहे. पेडल बदलताना आमच्या मेकॅनिकनं विचारलं की तुमच्या दादांच्या सायकललाही हेच बसवू का, म्हणजे दोन्ही सारख्या राहतील. मी म्हणालो, दादाला जुनेच आवडतात. दादा तसं कधी म्हणाला नव्हता. मेकॅनिकनं मान डोलावली आणि माझी सायकल भिंतीला लावून ठेवली.

दोन वर्षांत मी दादाला तीनदा थांबून दिलंय. एकदा चाक, दोनदा सायकल. तिन्ही वेळा माझे पाय त्याच्यापेक्षा चांगले होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती. दोघांपैकी जो पुढच्या नंबरावर असेल त्याला द्यायचं, असा नियम आहे, आणि तो नेहमी थोडा पुढे असायचा. चौथ्यांदा द्यावी लागू नये असं मला वाटायचं. ठरवून काही केलं नाही, पण मेकॅनिकला जे सांगितलं ते तोंडातून सहज निघालं, अडखळलो नाही.

चढावर त्याची हाक आली आणि मी सवयीनं थांबलो. पाय पेडलमधून सुटला तेव्हा नव्या पट्टीचा आवाज झाला आणि मला आठवलं. तेव्हाही सांगता आलं असतं. पण टीव्हीची मोटरसायकल शेजारी होती, आणि मी उतरून सायकल पुढे केली. तो पाय ठेवत होता आणि मी त्याच्या बुटाकडे बघत उभा होतो.

आता तो सरावात चाळीस चाळीस किलोमीटर माझ्यापुढे वारा फोडतो. माझी बाटली भरून आणतो. गुडघा कसा आहे विचारतो. मी बरा आहे म्हणतो आणि बाटली घेतो, आजी.

त्याला तू काही सांगू नकोस. शर्यत झाली की मीच सांगेन. आता सांगितलं तर तो बोलणार नाही, भांडणार नाही, नुसता घरी निघून येईल, आणि मग आम्हा दोघांचंही काही होणार नाही.

राग धर, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा,
भुंगा


ता. २२ मे

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

तुझं पोस्टकार्ड पोचलं. तुझी एक ओळ आणि तिच्याखाली आईनं घुसवलेल्या चार ओळी. आईला सांग, मी जेवतो.

कप्तानपद का सोडलं, याचं उत्तर मी सगळ्यांना वय झालं असं देतो. साहेबांना भावाचं ऋण म्हणून सांगितलं. तुला तिसरं सांगतो.

आमच्या संघात एक जण सगळ्यांसाठी गाडीपासून पाण्याच्या बाटल्या आणतो. त्याला आम्ही पाणक्या म्हणतो, तोही स्वतःला तेच म्हणवतो. माझ्याच उंचीचा, माझ्यासारखीच तिकोनी पट्टी. चाक पंक्चर झालं तेव्हा तो माझ्या शेजारी होता. मी सांगायच्या आधीच त्यानं ब्रेक दाबून एक पाय जमिनीवर टेकला होता. त्याची सायकल घेऊन मी दहा सेकंदांत निघू शकलो असतो. मी त्याला पुढे जा म्हणून हात केला, आणि दहा हात पुढे गेलेल्या भुंग्याला हाक मारली. टीव्हीवर हे दिसलं नसेल, कॅमेरा तेव्हा वळणाच्या पलीकडे होता.

तासभर मी भुंग्याच्या मागे बसून त्याचे पाय बघत होतो. इतके हलके मी कधी पाहिले नव्हते. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये तो मला सोडून जाणार हे मला कळून चुकलं होतं. मला सायकल नको होती. मला त्याला थांबवायचं होतं. माझ्या नंबरामुळे नियम माझ्या बाजूनं होता, म्हणून कुणी काही म्हणणार नव्हतं.

आणि तो लगेच उतरला. माझा पाय घसरला तेव्हा वाटलं, बरं झालं. त्यानं पेडल बदलल्याचं मला माहीत नव्हतं. गुडघ्यासाठी म्हणतो. मी पुढे विचारलं नाही, विचारायला तोंड नव्हतं.

पाणक्या अजून कुणाला बोललेला नाही. माझ्याकडे मात्र बघत नाही.

भुंग्याला हे कळू देऊ नकोस. त्याला हलक्या मनानं शर्यतीला जाऊ दे. माझं काय, मी वारा फोडीन.

आशीर्वाद असावा, मिळण्याजोगा वाटलो तर.

तुझा,
ठोंब्या


ता. २६ मे

एकच पत्र दोनदा लिहून माझा अंगठा सुजलाय. त्याचं पाप तुम्ही दोघांनी वाहायचं.

चि. ठोंब्या व चि. भुंगा यांस,

दोघांना मिळून एक आशीर्वाद.

दोघांनीही मला लिहिलंत की दुसऱ्याला सांगू नकोस. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. फक्त ठोंब्याचं पत्र भुंग्याच्या पाकिटात घातलंय आणि भुंग्याचं ठोंब्याच्या. हे वाचून झालं की ते काढा. तुमच्या आईनं विचारलं की एवढं जाड काय पाठवताय, मी म्हणाले कात्रणं.

एकानं न चालणारी सायकल दिली आणि दुसऱ्यानं नको असलेली मागितली, आणि पेपरवाल्यानं दोघांचा फोटो छापला. साहेबाला वाटतं दोन कप्तान ठेवले की समोरचे गोंधळतात. ते बिचारे नीट होते, पाचव्या दिवशी गोंधळलात ते तुम्ही. चार दिवस तुम्हीही नीट होतात, कारण आज कोण पुढे जाईल हे तुम्हालाच ठाऊक नसायचं आणि दोघंही काम करायचात.

कप्तान कोण व्हावं ते मला विचारू नका. मी जन्मात सायकलवर बसलेली नाही. पण मशीनवर बसले आहे, आणि शेजारची बाई कशासाठी काम करतेय ते तिच्या टाक्यावरून कळतं. शरमेपोटी वारा फोडणारा माणूस दहाव्या दिवशी ढिला पडतो. आणि चोरी लपवून मागे बसलेला सारखा मान वळवून बघतो, मग पुढचा दगड त्याला दिसत नाही. तीन आठवडे असं चालायचं नाही. कुणीही व्हा, पण दुसऱ्यानं कुणासाठी आणि का राबायचं ते त्याला पुरतं माहीत असू दे. नसेल जमत तर दोघंही साहेबाला नाही म्हणा आणि घरी या, ओरखडलेली फरशी घासायला माणसं हवीच आहेत.

रडारड करू नका. ती तुम्हाला शोभत नाही आणि मला बघवत नाही. मारामारी करायची तर शर्यतीच्या पायांना लागू देऊ नका.

त्या पाणक्याकडे दोघांनी मिळून जा. त्या दिवशी आपलं काम केलेला तेवढा एकच माणूस होता, आणि त्यालाच ठोंब्यानं हात करून हाकललं. त्याला काय ते खरं सांगा. साहेबाला सांगायचं की नाही ते त्याला विचारून ठरवा, तुमच्या दोघांच्या अकलेवर सोडू नका.

पत्र २९ ला पोचेल असं पोस्टातली मुलगी म्हणाली. नावं ३१ ला जातात. मध्ये दोन दिवस आहेत, पुष्कळ झाले.

माया आहे. ती तुमच्या वागण्यावर ठेवली असती तर केव्हाच आटली असती.

आजी

ता. क. या पत्राचं उत्तर मला नको. एकमेकांना द्या, तोंडी चालेल, मध्ये एक भिंतच आहे. आधी ठोंब्यानं द्यायचं. थोरला म्हणून नाही, हाक त्यानं मारली म्हणून. त्याचं बोलून होईपर्यंत भुंग्यानं तोंड उघडायचं नाही.