बारावा महिना फुकट

२० जानेवारी २००२, रविवार
ही वही दिवाळीत आणली. लिहिलं काहीच नाही. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा वाटलं, नवीन वर्षापासून लिहू. ते लागून वीस दिवस झाले. असो. माणूस घर सोडतो तेव्हा त्याचं खरं वर्ष लागतं, आणि मी घर काल सोडलं.

बाबा सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलला. म्हणे चोवीस वर्षांचा झाला, सीटा भरायला जीपच्या मागे लटकतो आणि रात्री आयत्या ताटावर बसतो. मी पण आळीला ऐकू जाईल असं म्हटलं, की आता स्वतःची रूम घेईन तेव्हाच तोंड दाखवीन. आता मागे फिरणं नाही.

सध्या वाशिंदला माझा दोस्त साईनाथच्या खोलीवर. त्याची बायको रुचिता बाळंतपणाला माहेरी आहे. दहा फेब्रुवारीला बाळ घेऊन येते. तोपर्यंत भरपूर टाइम आहे.

२१ जानेवारी
शहापूरला कमळाबाईंच्या चाळीत रूम बघितली. एकदम फर्स्ट क्लास. भाडं सहाशे, डिपॉझिट पाच हजार, अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं. वर्ष बारा महिन्यांचं असतं. म्हणजे बारावा महिना फुकट. बाई साध्या आहेत, त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मी पण गप्प बसलो.

बजेट:
भाडं ६००.
जेवण ४००. (रात्री लवकर झोपायचं.)
लाइट ०. (कारण वरचंच.)
डिपॉझिट परत मिळतं, म्हणून खर्चात धरलं नाही. बचतीत लिहिलं. बचत ५०००. आयुष्यात पहिल्यांदा एवढी बचत झाली.
हातात रोख ३२००.
बाईंनी पाच तारखेपर्यंत रूम राखून ठेवलीय.

२४ जानेवारी
आज मुरबाडच्या जीपवर डबल ट्रिप मारायची ठरवली होती. आटगावला आमच्या गावचा कुंडलिक भेटला. तो तानसा धरणावर चालला होता, मी पण गेलो. पाण्याकडे बघत प्लॅनिंग छान होतं. कुंडलिकला सांगून टाकलं की वाशिंदला रूम घेतली, साईनाथच्या शेजारीच, चांगली मोठी. घेणारच आहे, मग आधी सांगायला काय हरकत? शहापूरच्या ऐवजी वाशिंद का तोंडात आलं कळलं नाही.
कमाई काही नाही. खर्च काही नाही. हिशेब बरोबर जुळला.

२९ जानेवारी
म्हसा गावची जत्रा. रूमसाठी फक्त एक घोंगडी घ्यायची, बाकी कुठे बघायचं नाही, असं ठरवून गेलो. गुरांच्या बाजाराकडून गेलो कारण तिकडे सावली होती. तिथे गोमा नावाच्या माणसाने दोन बोकड दाखवले. म्हणे शहापूरला नेऊन दीडपट भावाने विक. डोक्यात आकडा फिट बसला, डिपॉझिटला थोडेच कमी पडत होते. अठ्ठावीसशेला दोन्ही घेतले.
घोंगडी राहिली.

३० जानेवारी
साईनाथ नाइट करून आला तर खाटेवर बोकड. त्याने विचारलं हे काय. मी सांगितलं, डिपॉझिट.

३ फेब्रुवारी
शहापूरचा मटणवाला म्हणाला की आठवडाभर सगळे जत्रेचाच माल घेऊन येतायत. दोन्हींचे पंधराशे सांगितले. वर, एक खोकतो म्हणाला. मी भाव पडू दिला नाही. बोकड परत आणले. जीपवाल्याने त्यांचं भाडं घेतलं. बोकडाचं हाफ तिकीट नसतं.

५ फेब्रुवारी
कमळाबाईंसमोर चारशे ठेवले. बाकीचं डिपॉझिट सध्या चरतंय, असं स्पष्ट सांगितलं. मग मन मोठं केलं. म्हटलं, बाई, तुमचा तो बारावा महिना मी सोडतो, त्याचं पण भाडं देतो, पण रूम द्या.
कोणता बारावा, असं त्यांनी विचारलं. मी समजावलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "बारावा फुकट नाय रे बाळा. बाराव्याला तू भायेर."
चारशे परत दिले. चहा पाजला. रूम कोर्टातल्या एका क्लार्कला दिली.

८ फेब्रुवारी
बोकड विकले. खोकणारा राहिला नाही, म्हणून एकाचेच. सातशे. वाशिंदला दोन ठिकाणी विचारलं. फॅमिली पाहिजे, म्हणतात. जेवलो नाही. साईनाथ वाईट बोलत नाही, फक्त पाळणा बांधायला जागा मोजतो. ती नेमकी माझ्या अंथरुणावर येते.

१० फेब्रुवारी, सकाळ
घरी जायचं ठरवलं. हरलो असं नाही. तीन आठवडे बाहेर राहिलो. बाबाला काय सांगायचं ते पाठ केलंय. पडवीत पडून राहीन, भाताच्या आवणीला पण उतरीन, एक शब्द उलट बोलणार नाही. पिशवी भरली. आई असेलच, ती सांभाळून घेईल. आईवर माझा पूर्ण भरवसा आहे.

साडेदहा
रिक्षा थांबली. रुचिता आली वाटलं. बाबा आहे. डोक्यावर वळकटी. आईने बाहेर काढलंय, पोराला घालवलंस तर त्याच्याकडेच जाऊन राहा म्हणे. कुंडलिककडून पत्ता घेतला. खोलीभर बघतोय.
"म्हातारी दार उघडीत नाय. मी कुठं झोपू रे, ज्ञान्या?"