पितळी मुठीच्या मोबदल्यात

१९७९ सालच्या ईस्टरआधीच्या उपवासातला एक शुक्रवार. नारा व्हिसाच्या रस्त्यावर, कुंपणाच्या खांबाला पाठ टेकून मी आणि माझे यजमान वेंडेल, आम्ही दोघे बीन्सचे बरीटो खात बसलो होतो. समोरच्या माळावर १९३६ सालच्या फोर्ड पिकअपची नुसती केबिन पडली होती. चाके नाहीत, इंजिन नाही, आणि तळ फोडून उगवलेले मेस्कीटचे काटेरी झाड खिडकीतून बाहेर आलेले. वेंडेल चावायचे विसरला. मग म्हणाला, "एलोइसा, बघ, झाड गाडी चालवतंय."

"तुझ्यापेक्षा बरं चालवतंय," मी म्हटले. "रस्ता सोडून जात नाही."

आम्ही हसलो. हिरव्या मिरचीचे पाणी माझ्या मनगटावर ओघळले ते मी स्कर्टला पुसले. त्या दुपारी याहून जास्त काही घडले नाही. पण ज्या गाडीसाठी मुख्यतः हे मृत्युपत्र लिहिते आहे ती त्या केबिनपासून सुरू झाली, म्हणून ते आधी नोंदवले.

मी, एलोइसा बाका स्ट्राउड, वय ७१, कै. वेंडेल स्ट्राउड यांची पत्नी, राहणार टुकुमकॅरी, न्यू मेक्सिको, हा कागद माझ्या हाताने आणि माझ्या मनाने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणाला भिऊन नाही. बुद्धी जागेवर आहे. आज सकाळचे शब्दकोडे मी पेनने सोडवले. हृदयाबद्दल डॉक्टरांचे मत तितके चांगले नाही. याआधी केलेले मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे.

कलम १. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे पार पाडायचे काम माझी मुलगी नडीन, राहणार फिनिक्स, हिने करावे. नडीन, कलम सहाला तुला राग येईल. तरी शेवटपर्यंत वाच.

कलम २. राहते घर, मागच्या अंगणातली शेड सोडून सर्व सामान, आणि बँकेत जे काही निघेल ते नडीनला मिळावे. स्वयंपाकघरातला नळ डाव्या बाजूला जोरात पिळू नये. अंगणातले गुलाब तिला नको असतील तर उपटू नयेत, शेजारी कोणाला हवेत का ते विचारावे.

कलम ३. वेंडेलचे वेल्डिंग मशीन, गॅस कटर, लोखंड आवळून धरायचे दोन्ही व्हाइस आणि त्याने स्वतः घडवलेले पाने गावच्या हायस्कूलच्या कार्यशाळेला द्यावेत. वेल्डिंग करताना तो तोंडावर घालायचा तो काळा मुखवटा मात्र माझ्याबरोबर पुरावा. त्याच्या आतल्या पट्ट्याला अजून त्याच्या कपाळाचा वास आहे. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर पर्पेच्युआ आज असत्या तर त्यांनी हे वाक्य खोडायला लावले असते.

कलम ४. समोरच्या मिसेस पिकेट यांनी १९८६ साली आमची गाडी म्हणजे भंगार आहे, ते रस्त्यावरून दिसते, अशी लेखी तक्रार नगरपालिकेकडे केली होती. मी त्यांना माझे मक्याचे टमाली वाफवायचे मोठे भांडे ठेवते. ते त्यांनी सतरा वेळा मागून नेले आणि सतरा वेळा न घासता परत केले. आता परत करायची गरज नाही.

कलम ५. मागच्या शेडमध्ये उभी असलेली पिकअप, जिला या भागातले लोक रॅट रॉड म्हणतात, तिचे वर्णन असे: केबिन वर सांगितलेलीच, छत चार इंच कापून बुटके केलेले. खालचा सांगाडा, म्हणजे चासी, दुसऱ्याच ट्रकची. इंजिन माझे दीर डेल्मर स्ट्राउड यांच्या धान्याच्या ट्रकमधले, सहा सिलिंडरचे. मागची पेटी गुरांच्या पाणी पिण्याच्या टाकीतून कापलेली. आत बसायला गादी नाही, लाकडी बाक आहे. मी ज्या नन्सच्या शाळेत शिकले तिथले प्रार्थनाघर पाडले तेव्हा वेंडेलने तो उचलून आणला. त्याच्या पाठीला माझ्या वर्गातल्या कोणीतरी खिळ्याने कोरलेला क्रूस आहे. रंग कुठेही नाही. हे विसरून राहिले असे नव्हे, तसाच रिवाज आहे. गंज हाच रंग. तो विकत मिळत नाही, मारता येत नाही, ऊन-वाऱ्याकडून मागून घ्यावा लागतो.

बांधायला पाच वर्षे लागली. दर रविवारी डेल्मर यायचा. दोघे भाऊ गाडीखाली पाठीवर पडून एकमेकांना शिव्या द्यायचे आणि मी चार पायांना कॉफी नेऊन द्यायचे, कारण बाहेर तेवढेच दिसत. १९८४ च्या मे महिन्यात ती पहिल्यांदा सुरू झाली. मी शेडच्या दारात उभी होते. माळावर मेलेले, कुठल्या ट्रकमधून काढलेले, देवळातून टाकून दिलेले ते सगळे लोखंड-लाकूड एकदम श्वास घेऊ लागले. जमीन माझ्या चपलेखाली थरथरली. मी क्रूसाची खूण केली. डेल्मर ओरडला, "वहिनी, देवाचे आभार नंतर मान, आधी मान मागे घे! सायलेन्सर बसवलेला नाही!" आगीच्या झोताने माझ्या भुवया जळाल्या. मी आयुष्यात तीनदा अशी आतून गप्प झाले आहे: नडीन जन्मली तेव्हा, हे एकदा, आणि तिसरे पुढे सांगते.

गिअरच्या दांड्यावर पितळेची मूठ होती. ती दोघा भावांच्या आईच्या स्वयंपाकघराच्या दाराची. घर पडले तेव्हा तेवढीच उरली होती.

कलम ६. ही गाडी कोणालाही बक्षीस देऊ नये. ती विकावी. फुकट मिळालेली गाडी माणूस कुंपणाला लावून ठेवतो, असे वेंडेल म्हणायचा, आणि तशा सात गाड्या मी या गावात रोज पाहते.

गेल्या महिन्यात नडीनने फिनिक्सहून एक गृहस्थ आणले होते. पांढरी पँट, मऊ बोलणे. त्यांना ही गाडी त्यांच्या हॉटेलच्या दर्शनी दालनात ठेवायची आहे.

"वर एक पारदर्शक लेप मारू," ते म्हणाले. "म्हणजे गंज आहे तिथेच थांबेल."

"थांबवायचा कशाला?" मी विचारले. "अजून चाललाय तो."

नडीन मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, ते भरपूर देतायत. आणि तू ती चालवतेस तरी कुठे? लोगनच्या रस्त्याने जातेस आणि परत येतेस. तिथे आहे काय?"

तिथे काय आहे ते पुढच्या कलमात आहे. त्या गृहस्थांना गाडी विकू नये. ते वाईट नाहीत. पण ते गाडीभोवती दोनदा फिरले आणि एकदाही खाली वाकले नाहीत. ज्याला अशी गाडी हवी असते तो आधी जमिनीवर पडतो, अंगात काहीही कपडे असोत, आणि खालून बघतो. मग उठून कपडे झटकतो आणि मग 'नमस्कार' म्हणतो.

कलम ७. हे कलम कबुलीजबाब समजावे.

१९९० सालच्या मार्चमध्ये वेंडेल चाळीस वर्षांचा होणार होता. तो पाइप आणायला अमॅरिलोला गेला होता. मला शाळेत एकच गोष्ट नीट शिकवली होती, ती म्हणजे घासणे. फरशी, मेणबत्त्यांचे स्टँड, नखे. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर तेव्हा जुन्या मालकाच्या दुकानाची अक्षरे होती, 'ब्रॉटन दाणा-वैरण', अर्धी विटलेली, भोवती पन्नास वर्षांचा गंज. मला वाटले, नवऱ्याला वाढदिवसाला निदान एक दार तरी स्वच्छ द्यावे. मी व्हिनेगर आणि तारेची घासणी घेऊन तीन तास बसले. अक्षरे गेली, गंज गेला. दारात माझे तोंड दिसू लागले. मला फार आनंद झाला होता.

तेवढ्यात डेल्मर बिअरची पेटी घेऊन आला. दार बघून त्याने पेटी खाली ठेवली.

"वहिनी, हे काय केलंस?"

"आरसा केला. बघ ना!"

"वहिनी..." तो हळूच म्हणाला. "दे, ती घासणी इकडे दे."

त्याने ती माझ्या हातातून घेतली, आणि त्याच क्षणी वेंडेलची दुसरी गाडी अंगणात वळली. त्याने दार पाहिले, भावाच्या हातातली घासणी पाहिली. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.

"पन्नास वर्षं लागली होती त्याला. लहानपणापासून माझं काही नीट झालेलं तुला बघवलंच नाही, डेल्मर."

डेल्मरने माझ्याकडे पाहिले. मी माझ्या हातांकडे पाहिले. दोन शब्द पुरले असते: 'मी केलं.' मी ते बोलले नाही. तोही बोलला नाही. त्याने घासणी टायरवर ठेवली, केबिनमध्ये बसून गिअरच्या दांड्यावरची मूठ फिरवून काढली, खिशात घातली. "आईची आहे," म्हणाला, "ही तरी माझी असू दे." आणि गेला. तेहतीस वर्षे झाली. तो लोगनला राहतो, चोवीस मैलांवर.

वेंडेलने त्या दांड्यावर दुसरी मूठ बसवली नाही. नुसत्या आट्यांवर फडके गुंडाळून तो चालवत राहिला, आणि नंतर मी. माझ्या तळहातावर अजून त्याचा गोल वळ आहे. दाराला त्याने तेल लावले नाही, रंग लावला नाही. गाडी शेडबाहेर, दार पश्चिमेकडे करून उभी ठेवली. आधी पिवळे ठिपके आले, मग नारिंगी, मग वाळलेल्या मिरचीसारखा लाल. आठ हिवाळे गेले.

१९९८ च्या नोव्हेंबरमध्ये, उन्हे कलताना, त्याने अंगणातून हाक मारली. "ए, बाहेर ये. पटकन ये, ऊन जाईल!"

तिरप्या उन्हात दारावर अक्षरे उठली होती. ब्रॉ. ट. न. रंग केव्हाच गेला होता. पण रंगाखालचे लोखंड इतकी वर्षे झाकलेले होते आणि आजूबाजूचे उघडे, म्हणून नवा गंज दोन्हींवर वेगवेगळा बसला. जे मी घासून टाकले ते लोखंडाने लक्षात ठेवले होते. मी तिथेच मातीत गुडघे टेकले. ही ती तिसरी वेळ.

"प्रार्थना करायची तर कर," वेंडेल म्हणाला, "पण डोळे उघडे ठेवून कर."

२०१८ साली इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात, मी त्याला खरे सांगितले. तो म्हणाला, "तू डावखुरी आहेस, एलोइसा. दारावरची सगळी वर्तुळं उलटी होती. तवा घासतेस तशी. मला चार दिवसांतच कळलं."

"मग गेला का नाहीस त्याच्याकडे?"

"त्याने तुला झाकलं. मी उघडं कसं पाडू? आणि मी त्याला जे बोललो ते... ते परत घ्यायला मला तोंड नव्हतं."

दोन माणसे माझ्या एका गप्प बसण्याभोवती इतकी वर्षे भिंतीसारखी उभी राहिली, आणि दोघांनी मला एकदाही त्याची आठवण करून दिली नाही. एवढे प्रेम मिळण्यासारखे मी काय केले होते, ते मला कळत नाही. वेंडेल गेल्यावर मी अकरा वेळा गाडी घेऊन लोगनला गेले आणि अकराही वेळा डेल्मरच्या फाटकावरून मागे वळले. बारावी खेप जमली तर हे कलम वाचायची वेळच येणार नाही. जमली नाही, तर वाचावे.

कलम ८. गाडी डेल्मर स्ट्राउड यांना विकावी. विक्रीच्या कागदावर किंमत लिहिणे सक्तीचे आहे. तिथे लिहावे, 'पितळी मूठ, एक'. त्याने ती दांड्यावर स्वतः बसवली की किंमत पोचली असे समजावे. त्याने मूठ हरवली असेल, तर ती कुठे आणि कशी हरवली ती हकिकत सांगावी, तीही चालेल. दान समजून तो नाकारेल. त्याला सांगावे की हा सौदा आहे आणि त्याच्या वहिनीने घासाघीस बंद केली आहे.

दाराला कोणी कापडसुद्धा लावू नये. प्रार्थनाघरचा बाक गाडीतच राहावा. त्यावर डावीकडे नडीनला केव्हाही बसता यावे, ही अट नाही, विनंती आहे.

नडीन, तो आला की आधी जमिनीवर पडेल. बहात्तराव्या वर्षी त्याला उठायला वेळ लागेल; हात पुढे करू नकोस, वाट बघ. मग त्याला ड्रायव्हरच्या दारापाशी उभा कर आणि कलम सात मोठ्याने वाच, माझे नाव न गाळता. तो काही बोलला तर ऐकून घे. आणि तेहतीस वर्षे काही बोलला नाही तसाच आताही नाही बोलला, तर किल्ली त्याच्या हातात दे.

ठिकाण: टुकुमकॅरी, न्यू मेक्सिको
तारीख: ४ ऑक्टोबर २०२३

लिहून ठेवणार: एलोइसा बाका स्ट्राउड (सही डाव्या हाताने)

आमच्यासमोर सही केली:
१. ऑर्व्हिल टॅफोया, स्पेअर पार्ट्सचे दुकान
२. कॉन्स्टन्स ल्यूबी, ग्रंथपाल, निवृत्त