सुजलेली जागा

१९ मार्च, दुपार

प्रिय वहिनी,

तुझी पाठ कशी आहे? आईचा खोकला थांबला का? हे पत्र मुद्दाम तू कामाला जातेस त्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं असतं तर दादाने आधी फोडलं असतं, आणि तुझा फोन तो बघतो हे तूच सांगितलंयस. मालकीणबाई जेवायला गेल्या की वाच.

इकडे कामाचा ढीग आहे. प्रयोगशाळेत सध्या बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी बारीक ब्रश फिरवून घेतलेले नमुने येतात. त्यातल्या पांढऱ्या पेशी मी मोजते. शेजारीण म्हणते, "शी! किळस नाही येत?" नाही येत. बायकांनी विश्वासाने दिलेलं असतं ते. मला किळस येते ती वेगळ्याच गोष्टीची. हल्ली घास तोंडात फिरतो.

डिसेंबरात मी आले होते तेव्हा तू मोरीपाशी हळूच म्हणालीस, अंगावरून जातंय, आग होते. आईने ऐकलंच. "बायकांना असायचंच ते. एवढा बाऊ कशाला?" दादा टीव्हीसमोर संत्रं सोलत होता. मान न वळवता म्हणाला, "तिला म्हणावं, स्वच्छता ठेव जरा." आणि फोड तोंडात टाकली.

वहिनी, ते ऐकून मला ओकारी आली होती. पोट बिघडलंय म्हणून मी उठले, ते खोटं होतं.

त्याच्या महिनाभर आधी दादा माझ्याकडे येऊन गेला होता. बाही वर करून म्हणाला, "नाव घालू नकोस, गुपचूप तपास." मी तपासलं. तीनदा तपासलं. त्याला एचआयव्ही आहे.

"वहिनीला सांग," म्हटलं. "गोळ्या सुरू कर."

"बघू. घाई काय आहे? आई धसका घेईल."

"निदान निरोध तरी वापर."

"नऊ वर्षं झाली लग्नाला. आता एकदम वापरायला लागलो तर तिला संशय नाही का येणार?"

हे माझा सख्खा भाऊ बोलला. मोठ्या शहाणपणाचं काही सांगावं तसं बोलला.

आता माझं ऐक. शरीरात जिथे सूज येते तिथे लढणाऱ्या पेशी गर्दीने धावतात. हा विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो. म्हणजे तुझी ती आग, ते जाणं, त्याने धोका वाढतो. मी रोज हेच मोजते. डिसेंबरात तू सांगितलंस तेव्हाही मला हे ठाऊक होतं, आणि मी तुला काय म्हटलं? "डॉक्टरला दाखव एकदा." बस, एवढंच. आई धसका घेईल, ही दादाची सबब मीही चार महिने चघळली. त्याची किळस येते तेवढीच मला माझीही येते.

गेल्या रविवारी त्याला शेवटचं बजावलं. तो हसला. "नाव न घालता तपासणी केलीस ना? तुझीच नोकरी जाईल."

म्हणून काल मीच आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. नोकरीचं नंतर बघू म्हणाल्या. आधी विचारलं, "वहिनींची तपासणी झाली का?" चार महिन्यांत हा प्रश्न विचारणारी पहिली व्यक्ती परकी निघाली.

तुला लागण झालीच असेल असं नाही. झाली असली तरी रोजच्या गोळ्यांवर माणसं म्हातारी होतात, मी बघते. पण त्याला आता जवळ येऊ देऊ नकोस. गेल्या तीन दिवसांत आला असेल तर पत्र मिटायच्या आत माझ्याकडे निघ. लागण टाळायची औषधं तेवढ्यातच सुरू करावी लागतात. नसेल तरी याच आठवड्यात ये. आगीचंही औषध होईल. आल्यावर मला दोन थोबाडीत मार हवं तर, मी हलणार नाही. पण ये.

परत त्या घरी जायचं की नाही, ते तू ठरव. माझी खोली लहान आहे, पण आतून कडी लागते.

नणंद म्हणून सही करायला हात धजत नाही.

सगळं माहीत असून गप्प बसलेली,
मी