तिसरी मॅच अनघाची

मंगळवार, ३ फेब्रु.
अनघाचं नाव आलं! सिडनी-मेलबर्न बेसबॉल सेमीफायनलला जे तीन अंपायर आहेत त्यांत ती. मेल दुपारीच आला होता, ती वेस्टमीडला कामावर, लॅबमध्ये असताना. बाईंनी मला फोन करू नये? संध्याकाळी भेंडी चिरता चिरता म्हणते, "अरे, ते झालं हं." ते झालं म्हणे! आमची इरा शाळेत होती तेव्हा एकदा तिच्या मॅचला अंपायर आलाच नाही, म्हणून ही मैदानात उभी राहिली. आता बेसबॉलवर पोट भरणारे पुरुष हिच्या बोटाकडे बघणार. मिठी मारायला गेलो तर म्हणाली, सुरी आहे हातात.

बुध. ४
तीन मॅचेस, दोन जिंकेल तो फायनलला. बॅटर तीन बेस धावत गाठून परत प्लेटला आला की एक रन; अंपायर या टप्प्यांवर उभे, जागा फिरत्या. शुक्रवारी अनघा तिसऱ्या बेसवर, शनिवारी पहिल्या बेसवर, रविवारी प्लेटमागे. प्लेट म्हणजे कॅचरच्या मागे मुखवटा घालून उभं राहणं, प्रत्येक चेंडू आत की बाहेर हे सांगणं. खरी खुर्ची तीच. पण रविवार उजाडायला दोघांनी एकेक जिंकायला हवी.
म्हणजे आमच्या सिडनीने एक हरायला हवी. इतक्या वर्षांचा मी कट्टर, आणि मनात हे. माझ्याबरोबर मॅचला येणाऱ्या मिलिंदला कळलं तर ग्रुपमधून काढेल.

शुक्र. ६
सिडनी हरली. चेहरा पाडून बसलो होतो, मनात लाडू फुटत होते. मिलिंद म्हणाला, "तू एवढा शांत कसा रे?"
अनघाकडे दिवसभरात फारसं काही आलंच नाही. पण ती उभी कशी राहते ते बघावं. चेंडू मारला गेला की बाकी सगळे चेंडूकडे बघतात, ही आधी पाऊल टाकते आणि मग बघते. घरी येऊन पाय गरम पाण्यात. तिला विचारलं, कसं वाटलं? "भूक लागलीय."

शनि. ७
नीट लिहितो.
शेवटचा डाव, सिडनीची बॅटिंग, एका रनने मागे. दोन आउट झालेले. तिसऱ्या बेसवर आपला एक जण उभा. आणखी एक आउट की मेलबर्न फायनलला, आमचा खेळ खलास. बॅटरने चेंडू जमिनीलगत मारला आणि पहिल्या बेसकडे धावत सुटला. तिकडून थ्रो आला; चेंडू आधी पोचला तर आउट. त्याचं पाऊल आणि ग्लव्हमधला चेंडू, दोन्ही एकदमच. निदान मला तरी तसं दिसलं.
अनघाने दोन्ही हात पसरले. सेफ.
तिसऱ्या बेसवरचा प्लेटला पोचला, बरोबरी झाली. पुढच्याच बॅटरने जिंकून दिली. मिलिंद माझ्या गळ्यात पडून ओरडतोय, "वहिनी झिंदाबाद!" मेलबर्नचा मॅनेजर तणतणत मैदानात आला, तिच्या तोंडासमोर तोंड आणून ओरडला. ही हात मागे बांधून उभी. हलली नाही. तो गेल्यावर परत आपल्या जागी गेली. मी असतो तर एक तर रडलो असतो नाही तर मारामारी केली असती.
एक-एक. उद्या प्लेट हिची! पेढे आणू म्हटलं तर नको म्हणाली. गाडीत गप्प होती. दमली असेल.

रवि. ८, सकाळ
दमली नव्हती.
इराचा फोन. पोरगी मेलबर्नला टार्निटमध्ये राहते आणि तिकडच्याच टीमची, घरचा आहेर. "बाबा, इज मम ओके? आय सॉ द क्लिप. ही वॉज आउट, बाबा. बाय अ लॉट." मी म्हटलं, आईला पाठवू नकोस. तर आईने ती पहाटेच पाहिलेली. हळू करून, थांबवून थांबवून. आपल्या लीगमध्ये व्हिडिओ बघून निर्णय फिरवत नाहीत, म्हणून मी म्हटलं, झालं ते झालं.
ओट्याला टेकून म्हणाली, "मला माहितीये मी काय केलं. बाबा आले माझ्या अंगात."
तिचे बाबा पुण्यात रविवारी क्लबच्या क्रिकेट मॅचेसना अंपायर असायचे. त्यांचं घोटवलेलं, की मनात जरा जरी शंका असली तरी बॅट्समनला नाबाद द्यायचं. बेसबॉलमध्ये तसं नसतं. तिथे बॅटरचे लाड नाहीत. दिसलं ते सांगायचं. हे ती स्वतः नव्या मुलांना शिकवते! आणि काल, हजारो लोक ओरडत असताना, लहानपणीचं वर आलं.
मग म्हणाली, ग्रॅहमला सांगते. ग्रॅहम म्हणजे तिघांतला मुख्य अंपायर. माझं डोकं सटकलं. म्हटलं, "तुला कोणी विचारलंय?"
"मी विचारलंय."
"आज प्लेट आहे, अनघा. काढून घेतील."
"मग घेऊ देत ना. ही तिसरी मॅच होतेय तीच माझ्या चुकीमुळे. मुकाट्याने मुखवटा घालून तिथे कशी उभी राहू?"
भांडलो. मी वाट्टेल ते बोललो, शहाणपणा बास वगैरे. ती फोन घेऊन बागेत गेली. खिडकीतून फक्त पाठ दिसत होती. मला भयंकर राग आला होता, आणि तिच्या पाठीकडे बघताना वाटलं, हे मला आयुष्यात जमलं नसतं.
आत आली. ग्रॅहम म्हणाला म्हणे, "थँक्स फॉर टेलिंग मी, मेट. प्लेट तुझीच. पळून जायचं असेल तर तसं सांग."
"मग?"
"इस्त्री झालीय का शर्टाला?"
केली. कॉलरलासुद्धा. कोकम सरबत बर्फात ठेवलं. बाहेर भाजून काढणारं ऊन, आणि ही छातीला चिलखत बांधणार.

रवि. ८, संध्याकाळ
सुरुवातीला दोन्ही मॅनेजर प्लेटपाशी येऊन टीमचे कागद देतात. ती मेलबर्नवाल्याशी काहीतरी बोलली. नंतर कळलं, "काल माझं चुकलं" एवढंच. त्याने तिच्याकडे बघितलं, कागद हातात ठेवला, निघून गेला. मान हलवली नाही, काही नाही.
मग पहिल्याच डावात आपल्या पिचरचा एक चेंडू अगदी कडेवर. आत असता तर स्ट्राइक म्हणून हात वर गेला असता, तिने उचलला नाही. बाहेर. सगळं स्टँड ओरडलं, "कम ऑन, ब्लू!" (अंपायरला इथे ब्लू म्हणतात, शर्ट कुठल्याही रंगाचा असो.) मिलिंद माझ्याकडे वळला, "वहिनींना झालंय काय आज?" पुढे मेलबर्नच्या पिचरने तसाच टाकला. तोही बाहेर. तेव्हा कोणी ओरडलं नाही. मी एकटाच उभा राहून टाळ्या वाजवल्या. मिलिंद जरा सरकून बसला.
मी आज मॅच बघितलीच नाही खरं तर. तिलाच बघत होतो. एक चेंडू कॅचरच्या ग्लव्हला लागून तिच्या खांद्यावर बसला, आवाज वरपर्यंत आला. ती दोन पावलं चालली, कॅचरची चौकशी केली आणि परत वाकून उभी राहिली. आपलीच बायको, रोज डबा घेऊन ट्रेनला पळणारी, आणि मला ती ओळखीची वाटेना. इतकी सुंदर दिसत होती त्या अवजड मुखवट्यात. लिहून ठेवतो, तोंडाने बोलणं होणार नाही.
दोन-दोन रन झाले असताना वादळ आलं. विजा, गारा. मैदानाचं तळं. बराच वेळ थांबून शेवटी जाहीर केलं, मॅच उद्या चारला, इथूनच पुढे. तेच अंपायर, त्याच जागा.
पार्किंगमध्ये ती चिलखत डिकीत टाकत होती. तेवढ्यात मेलबर्नचा मॅनेजर भिजत भिजत आमच्या गाडीकडे आला. तो तिला म्हणाला, "गुड झोन टुडे. सेम फॉर बोथ." (झोन म्हणजे चेंडू आत की बाहेर ठरवायची हद्द.) मग म्हणाला, "स्टिल क्रँकी अबाउट यस्टरडे." कालचा राग काही गेला नव्हता.
अनघा म्हणाली, "सो अॅम आय."
तो मान हलवून निघून गेला.
गाडी तिनेच चालवली. गिरावीनच्या वळणावर सिग्नलला एकदम रडायला लागली, चांगली हुंदके देऊन. मला काय करावं कळेना. हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला. तिने डोळे पुसले आणि गाडी काढली.
तिने लॅबला फोन करून उद्याची शिफ्ट बदलून घेतलीय. खांदा काळानिळा झालाय, हात वर जात नाहीये. उद्या स्ट्राइकला हात वर करावा लागेल. शेकायचं का म्हटलं तर म्हणाली, आधी बर्फ.