दोन बोटं तोकडा पडदा

मंगळवार, ता. ४

ती. बाबांना,
सा. न. वि. वि., पण रागाने.

“माप घेणाऱ्याला अंग दिसत नाही, कापड दिसतं.” दुकानात लाजून आकसणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही असं म्हणायचात. मी टेबलाखाली बसून बटणं निवडत असायचे. आज ते आठवलं आणि डोकं भणाणलं.

भेटीच्या वेळी तुम्ही डोळे मिटून घेता, म्हणून डब्यासोबत हे पत्र. खुब्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले. चार दिवस शौचावाटे रक्त जातंय, आणि मला ते वॉर्डातल्या मावशींकडून कळतं! कागदावर काय, तर ‘जुनी मूळव्याध, रुग्णाच्या सांगण्यावरून’. तुम्हाला मूळव्याध होती कधी? आणि न बघता लिहून घेणाऱ्यांना तरी काय म्हणावं! सिस्टरांना मी चांगलंच झापलं.

लोभ आहेच, आज दिसायचा नाही.
तुमची धाकटी

बुधवार, ता. ५

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सिस्टरवर कशाला तोंड सोडलंस? बिचारीने कुशीवर वळा म्हणून दोनदा सांगितलं, मीच पांघरूण घट्ट धरलं. डॉक्टरीणबाई तुझ्या लेकीएवढी गं! आठ खाटा, मधे पडदा, तोही दोन बोटं तोकडा. शिवणाऱ्याला लाज नाही.

मी ठणठणीत आहे. चक्कर येते ती तुझ्या अळणी स्वयंपाकाने. गुडघा ठणकला की आपल्या जुन्या गोळ्या आहेतच. काकाकडून मागवल्यात, चष्म्याच्या डबीत असतात. कुठे बोलू नकोस. पत्र फाडून टाक.

रागावलीस तरी डबा पाठव.
बाबा

गुरुवार, ता. ६

ती. बाबांना,
सा. न.

पत्र फाडलं नाही, डॉक्टरीणबाईंना दाखवलं. काकाला फोनवर फैलावर घेतलं. चष्म्याची डबी रिकामी केली. सिस्टरांची माफी मागितली, तीही तुमच्यामुळे.

पायात गुठळी होऊ नये म्हणून तुम्हाला रोज रक्त पातळ करायचं इंजेक्शन देतात. त्यावर या ठणक्याच्या गोळ्या, त्याही रक्त थांबू न देणाऱ्या! आतली बारीकशी जखमसुद्धा वाहतच राहणार. ती कशाची? शौच खड्यासारखं झालं म्हणून पडली असेल, आतड्याला फुगवटे असतील, गाठही असेल. बघितल्याशिवाय सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इंजेक्शन थांबवलं तर गुठळीची भीती, चालू ठेवलं तर रक्त. हिमोग्लोबिन अकरावरून साडेसातवर आलंय. हे ठणठणीत?

मला भीती वाटते असं म्हणता येत नाही, म्हणून मी ओरडते. ही खोड तुमचीच.

उद्या सकाळी दहाला डॉक्टरीणबाई तपासायला येतील. पडद्याला खाली जुन्या चादरीची पट्टी जोडली आहे, मावशी लावून देतील. टीप वाकडी आली आहे. खुशाल नावं ठेवा. पण कुशीवर वळा, बाबा, आणि पांघरूण सोडा. तुम्ही नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. तरी मागते.

तुमची धाकटी