भूतकाळाच्या दिवशी दिलेलं उत्तर

ती. दादांस साष्टांग नमस्कार,

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? वहिनींचा खोकलाही थांबला असेल. इकडे मी ठीक आहे, म्हणजे पडदे शिवतो आणि जेवायला विसरतो. तुमची बहीण रागावून तिकडे आल्यापासून घरात एवढी शांतता आहे की गळका नळसुद्धा सोबती वाटायचा.

रागाचं कारण तिने सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगतो. आमच्या दुकानाच्या मालकांना बाहेरगावच्या हॉटेलवाल्यांशी इंग्रजीत बोलणारा माणूस हवा होता, म्हणून मी शिकवणीला जाऊ लागलो. तिथे माझं वाक्य भूतकाळात घरातून निघायचं आणि वर्तमानकाळात कुठेतरी बसून राहायचं. (आय वेंट टू द शॉप अँड आय सी द कर्टन. मला यात काही खटकत नाही. दुपारी वाऱ्याने पडदे फुगले की काल, आज, उद्या सगळं एकाच खोलीत तरंगत असतं. सुईत दोरा ओवता ओवता माझं लग्नही पुन्हा लागून जातं.) शिकवणाऱ्या बाईंनी उपाय काढला: एक दिवस, एक काळ. सोमवारी भूत, मंगळवारी वर्तमान, बुधवारी भविष्य, घरीसुद्धा, मराठीतसुद्धा. धरलेला काळ सोडायचा नाही, असं त्यांनी बजावलं, आणि मी पडलो आज्ञाधारक.

बुधवारी तुमच्या बहिणीने नळाचं विचारलं. मी म्हणालो, दुरुस्त करीन. सोमवारी विचारलं, तर म्हणालो, करणार होतो. इथवर तिला काही वेगळं वाटलं नाही, कारण माझी नेहमीची उत्तरं हीच. पण त्याच संध्याकाळी मी खिडकीत ढग बघत बसलो होतो, ती शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, मी आवडते का हो अजून? मी मान न वळवता म्हणालो, आवडायचीस.

दादा, व्याकरण अगदी चोख होतं. पिशवी भरायला तिला वेळ लागला नाही.

तुमचा मेहुणा

ता. क. बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, नियम वाक्याला होता, बायकोला नव्हता.

ता. क. २. नळ दुरुस्त करायचा पाना तिच्या पिशवीत गेला आहे. घाईत गेला, की मी मागे यावं म्हणून तिने नेला, या विचारात काल एक पडदा उलटा शिवला. रविवारी पाना न्यायला येतो, एवढंच तिला सांगा. रविवारला बाईंनी काळ नेमलेला नाही. मी वर्तमान धरणार आहे.

ता. क. ३. शेजाऱ्यांच्या पान्याने नळ मी परवाच दुरुस्त केला, हे तिला कळू देऊ नका. आता घरात तेवढाही आवाज नाही.